दुसऱ्यांच्या गावात, आपल्या शिक्षणासाठी

२००३ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत एका विद्यार्थ्याच्या पीएचडीचं जाहीर सादरीकरण चालू होतं. अभ्यास हवासुपाई या आदिवासी जमातीच्या रक्तनमुन्यांवर होता आणि श्रोत्यांत त्याच जमातीची एक तरुणी बसली होती. तिने उठून विचारलं की, या कामासाठी आमच्या लोकांची परवानगी घेतली होती का? पुढे जी चौकशी झाली, जे खटले झाले, त्यांची सुरुवात या प्रश्नाने झाली.

हवासुपाई म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारे जेमतेम काही शे लोक. त्यांच्या गावात पोचायचं तर पायी, खेचरावरून किंवा हेलिकॉप्टरने. जमातीत मधुमेहाचं प्रमाण फार होतं, म्हणून १९९०च्या सुमारास विद्यापीठातल्या संशोधकांना त्यांनी विश्वासाने रक्त दिलं. ते रक्त फ्रीजरमध्ये राहिलं आणि पुढे स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं, या लोकांचे पूर्वज मुळात कुठून आले, अशा प्रश्नांसाठी वापरलं गेलं. जमातीच्या श्रद्धेप्रमाणे त्यांचा उगम त्या दरीतच झाला. आता त्यांच्याच रक्ताचा आधार घेऊन त्यांना सांगितलं जात होतं की, तुम्ही आशियातून आलात. २०१०च्या एप्रिलमध्ये विद्यापीठाने तडजोड केली, सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त जमातीला परत केलं.

या प्रकरणात सुई टोचून कुणी दगावलं नव्हतं. त्या विद्यार्थ्याच्या मनात काही वाईट होतं असंही मानायचं कारण नाही. त्याला प्रयोगशाळेत तयार नमुने मिळाले, त्यावर त्याने काम केलं. आरोग्यक्षेत्रातला विद्यार्थी परक्या समाजात जातो तेव्हा घडणाऱ्या बहुतेक गोष्टी अशाच असतात. हेतू चांगला, कागद पूर्ण, सही जागेवर, आणि तरीही कुणाचं तरी काहीतरी न विचारता घेतलेलं.

विद्यार्थी गावात जातो तो आधी शिकायला जातो. त्याला लॉगबुक भरायचं असतं, थिसिससाठी नमुने हवे असतात, प्रमाणपत्र हवं असतं, परदेशी अर्ज करायचा असेल तर दोन ओळी हव्या असतात. सेवा हा त्यातला एक भाग. यात गैर काही नाही, शिकल्याशिवाय डॉक्टर कसे तयार होणार? पण ही गोष्ट उघड मान्य केली की पुढचे प्रश्न आपोआप नीट विचारले जातात. माझ्या शिकण्याची किंमत कोण मोजतंय? त्या बदल्यात त्याला काय मिळतंय?

परदेश फार लांब नाही

'दुसरी संस्कृती' म्हटलं की डोळ्यांपुढे आफ्रिकेत गेलेले गोरे विद्यार्थी येतात. पुण्याच्या मुलीला नंदुरबारमधल्या धडगावच्या पाड्यावर पाठवा किंवा नागपूरच्या मुलाला भामरागडला. पासपोर्ट लागत नाही एवढंच. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, म्हणजे नात्याने संथालीच्या जवळची. गडचिरोलीतली माडिया आणि गोंडी द्राविडी कुळातल्या. मराठी येणाऱ्याला यातलं वाक्यसुद्धा कळत नाही. शिवाय जात, वर्ग, आणि 'हे सरकारकडून आलेत' ही भीती हे सगळं मध्ये असतंच.

हा प्रश्न आता थोड्या हौशी मुलांपुरता राहिलेला नाही. २०२१-२२च्या तुकडीपासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. प्रत्येक विद्यार्थ्याला एका गावातली तीन ते पाच कुटुंबं मिळतात आणि पुढची काही वर्षं त्यांच्याकडे जाऊन पाठपुरावा करायचा असतो. कल्पना नवी नाही. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाची मुलं गावात मुक्कामाला जाण्याची पद्धत जुनी आहे. मात्र तिथे गावाशी संस्थेचं नातं दशकांचं आहे. बसमधून दोनशे मुलं उतरवून संध्याकाळी परत नेणाऱ्या कॉलेजला केवळ नियम पाळून ते नातं मिळत नाही.

'काहीच नसण्यापेक्षा बरं'

शहरातल्या वॉर्डात ज्या विद्यार्थ्याला देखरेखीशिवाय टाका घालू देत नाहीत, तोच विद्यार्थी दुर्गम भागातल्या शिबिरात गेला की अचानक 'डॉक्टरसाहेब' होतो. रांग मोठी असते, खरे डॉक्टर दोन असतात, आणि पेशंट तक्रार करणारा नसतो. मग कुणीतरी म्हणतं, इथे काय, कर की, हात बसेल. या एका वाक्यात सगळा मामला आला. हात कुणावर बसवायचा हे पेशंटच्या गरिबीवरून ठरलेलं आहे.

याचं उलटं चित्र बघण्यासारखं आहे. आपल्याकडचा पदवीधर अमेरिकेतल्या रुग्णालयात 'ऑब्झर्वरशिप'साठी जातो तेव्हा त्याला पेशंटला हात लावायची परवानगी नसते. मागे उभं राहून बघायचं. त्याच देशातला कॉलेजात शिकणारा मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत गरीब देशात 'मेडिकल मिशन'वर गेला की त्याच्या हातात सुई दिली जाते, असे प्रकार वारंवार नोंदले गेले आहेत. ज्ञान दोघांचं फार वेगळं नसेल. ज्याच्यावर उपचार होणार त्याची पत वेगळी.

'काहीच नसण्यापेक्षा बरं' हा युक्तिवाद ऐकायला दयाळू वाटतो, पण तो बहुतेक वेळा वस्तुस्थितीला धरून नसतो. तिथे 'काहीच' नसतं असं नाही. उपकेंद्रात सिस्टर असते आणि तिने विद्यार्थ्याने पाहिली असतील त्याच्या कित्येक पट बाळंतपणं केलेली असतात. आशाताई असते. प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, कितीही अपुरं असलं तरी. विद्यार्थ्याने अर्धवट उपचार केले की पेशंट त्या साखळीतून बाहेर पडतो, कारण 'मोठ्या कॉलेजच्या डॉक्टरांनी बघितलं' ना! शिवाय चूक झाली तर ती निस्तरायची सोय शहरात असते. डोंगरातल्या पाड्यावर रक्तपेढी तासन्‌तास लांब आणि ॲम्ब्युलन्सला रस्ता नाही. म्हणजे नवशिक्याने सगळ्यांत जास्त जपून वागायची जागा हीच.

युगांडातल्या जिंजा इथलं एक प्रकरण जगभर गाजलं. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने कुपोषित मुलांसाठी केंद्र काढलं. तिथे मुलं दगावली आणि ती स्वतःच उपचार करत होती असा दावा दोन आयांनी कोर्टात केला. तिने आरोप नाकारले; २०२० साली तडजोड होऊन खटला मिटला. ती विद्यार्थिनी नव्हती, पण तिच्या बचावात बोललं गेलेलं विद्यार्थ्यांच्या तोंडीही ऐकू येतं: आम्ही मदतच करत होतो.

२०१० मध्ये 'वेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने परदेशी प्रशिक्षणाला जाणाऱ्यांसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर न टाकता पाठवणारी संस्था, बोलावणारी संस्था आणि पैसे देणारे या सगळ्यांवर ती वाटली, हा त्यांचा मोठा गुण. त्यातलं मला सगळ्यांत उपयोगी वाटतं ते हे: विद्यार्थ्याने आपल्या तयारीच्या मर्यादेत राहायचं, देखरेखीखालीच काम करायचं, आणि आपण विद्यार्थी आहोत हे पेशंटला कळलं पाहिजे. शेवटची गोष्ट सोपी वाटते. पांढरा कोट घातल्यावर 'मी अजून डॉक्टर नाही' हे आपण होऊन सांगणारी किती मुलं दिसतात ते बघा. माडियात ते वाक्य कसं म्हणायचं हे जाण्याआधी शिकून घेता येतं. तेवढं एक वाक्य आलं तरी पुष्कळ.

सही आणि होकार

संमती हा या विषयाचा सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग. कागदावर तो फार सोपा दिसतो: माहिती द्या, प्रश्न विचारू द्या, सही किंवा अंगठा घ्या. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदार हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सगळं आहे. गावाच्या प्रमुखाची परवानगी घ्यायला हरकत नाही, काही ठिकाणी घेतलीच पाहिजे, पण ती माणसाच्या स्वतःच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

प्रत्यक्षात काय होतं? विद्यार्थी गावपाटलाकडे जातो. पाटील दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना बोलावतो. पाटलाने बोलावलंय म्हटल्यावर 'नाही' कोण म्हणणार? आशाताई दुभाषी होते. ती विद्यार्थ्याचं पाच मिनिटांचं निवेदन दोन शब्दांत उरकते आणि बाई मान डोलावते. विद्यार्थी फॉर्मवर अंगठा घेतो. तिने होकार कशाला दिला? बऱ्याचदा तिची समजूत अशी असते की हे सरकारी काम आहे, नाही म्हटलं तर रेशन किंवा पोषण आहार बंद होईल. कधी नुसता पाहुण्याचा मान राखलेला असतो. घरी आलेल्याला तोंडावर नाही म्हणणं अनेक समाजांत असभ्य समजतात. आपण मराठी लोक तरी कुठे म्हणतो?

दुभाषी कोण आहे यावरही पुष्कळ ठरतं. बाईच्या अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याबद्दल विचारायचंय आणि मध्ये तिचा शाळेत जाणारा मुलगा भाषांतर करतोय, असं होतं. तिथे मिळालेलं उत्तर डेटा म्हणूनही निरुपयोगी असतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला स्त्रीरोगांचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. असं काम उभं राहतं ते बायका बोलायला तयार झाल्यामुळे, आणि त्यासाठी आधी कुणीतरी त्यांच्यात वावरलेलं असावं लागतं. दोन महिन्यांच्या विद्यार्थी प्रकल्पात ते होणं कठीण. ज्याला तेवढाच वेळ आहे त्याने दोन महिन्यांत विचारता येईल असा प्रश्न निवडावा, हे त्याचं सरळ उत्तर आहे. ते बहुधा कुणाला आवडत नाही, कारण असे प्रश्न दिसायला भारी नसतात.

मुलांच्या बाबतीत चित्र आणखी धूसर. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या बडोदा जिल्ह्यात एचपीव्ही लशीचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. वीस हजारांहून जास्त मुलींना लस दिली गेली. खम्मममध्ये त्यांतल्या बऱ्याच आदिवासी आणि वसतिगृहात राहणाऱ्या. अनेक फॉर्मवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१०च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी: ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी आहे आणि जगभर वापरली जाते. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही. दोष लशीचा नव्हता, संमतीचा होता. पण लोकांच्या मनात तो लशीला चिकटला, आणि चांगल्या लशीबद्दलचा संशय वाढायला तेवढं पुरलं.

आपल्याकडच्या आश्रमशाळा विद्यार्थी-संशोधकांना फार सोयीच्या वाटतात. एका ठिकाणी तीनशे मुलं, वय ठरलेलं, मुख्याध्यापक सहकार्य करणारे. एका दिवसात सगळ्यांचं हिमोग्लोबिन होतं. ही सोय कुणाची आहे हे मात्र विसरायला होतं. पालक लांब पाड्यावर असतात, कामाला बाहेरगावी गेलेले असतात. त्यांना गाठायचं तर बाजाराचा दिवस धरावा लागतो किंवा सुट्टीत मुलं घरी जातात तेव्हा जावं लागतं. वेळ लागतो खरा. मुलाचं स्वतःचं 'हो'सुद्धा लागतं. सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत विचारून त्याचा होकार घ्यावा, असं आयसीएमआर सांगते.

कामाची एक साधी युक्ती आहे. माहिती देऊन झाल्यावर विचारायचं की, बाई, मी काय करणार आहे ते आता तुम्ही मला सांगा. तिला सांगता आलं तर संमती आहे. तिने 'तुम्ही डॉक्टर, तुम्हाला माहीत' असं म्हटलं तर फॉर्म बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करायची.

तपासून झालं, पुढे काय?

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं उदाहरण घेऊ, कारण विदर्भात आणि नंदुरबारकडे जाणारे विद्यार्थी बहुधा या कामात ओढले जातातच. २०२३च्या जुलैमध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. आजार आनुवंशिक आहे. ज्याच्याकडे दोषी जनुकाची एकच प्रत असते तो 'वाहक'. त्याला सहसा त्रास होत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून तपासणी करायची, कार्ड द्यायचं आणि लग्नाआधी कार्डं जुळवून बघायला सांगायचं.

हिशेब बरोबर आहे. पण १९७०च्या आसपास ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात नेमकं हेच करून पाहिलं होतं. लग्नं ठरवून होणारं गाव, सगळ्यांची तपासणी, वाहक कोण ते माहीत. काही वर्षांनी पाहिलं तर वाहकांकडे लोक कमी दर्जाने बघू लागले होते आणि लग्न ठरवताना काहीजण ही गोष्ट लपवत होते. तपासणीचा मूळ हेतू साधलाच नाही. आपल्याकडच्या गावात कार्ड आलेल्या मुलीचं काय होईल याची कल्पना करायला ग्रीसला जायची गरज नाही. मुलाचं कार्ड खिशात राहतं, मुलीचं चर्चेत येतं.

म्हणून रक्त घेणाऱ्या विद्यार्थ्याला दोन गोष्टी आधी माहीत हव्यात: निकाल कोण, कुठे, कुणाच्या समोर सांगणार, आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे हे त्या भाषेत नीट कोण समजावणार. अंगणवाडीच्या ओट्यावर नावं पुकारून कार्डं वाटणं हा वेळ वाचवण्याचा उत्तम मार्ग आहे आणि नेमका तोच टाळायला हवा.

बालकांच्या सर्वेक्षणातही हेच. दंडाचा घेर साडेअकरा सेंमीपेक्षा कमी भरला म्हणजे सहा महिने ते पाच वर्षं वयातलं ते मूल अतितीव्र कुपोषित. विद्यार्थ्याच्या तक्त्यात ते लाल रंगात जातं. पण त्या क्षणापासून ते मूल त्याचा नमुना राहिलेलं नाही. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पोचवणं, निदान सिस्टरच्या नोंदीत आणणं आणि आठवड्याने ते पोचलं का हे विचारणं हे त्याच्यावर आलं. 'आमच्या अभ्यासाच्या कक्षेत उपचार नव्हते' हे वाक्य प्रबंधात चालतं, पाड्यावर चालत नाही.

श्रद्धा, रूढी आणि चटके

इथे विद्यार्थी दोन टोकांना जातात. एक म्हणतो, अंधश्रद्धा आहे, झोडा. दुसरा समाजशास्त्राचं काहीबाही वाचून आलेला असतो. तो म्हणतो, त्यांची संस्कृती आहे, आपण कोण? दोघांनाही विचार करायचे कष्ट नको असतात.

मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. हे संस्कृती म्हणून सोडून द्यायचं नाही, यात मला शंका नाही. बाळाने काही परंपरा स्वीकारलेली नसते. बाळ ताबडतोब दवाखान्यात गेलं पाहिजे आणि विद्यार्थ्याने ते वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगितलंच पाहिजे. पण सांगायची रीत असते. आईला सगळ्यांदेखत 'तू बाळाला जाळलंस' म्हटलं तर पुढच्या वेळी ती बाळ लपवेल. तिने चटका दिला तो बाळ वाचावं म्हणून. रात्री बाळ रडत असताना भुमका, म्हणजे गावातला पारंपरिक वैदू, हाकेच्या अंतरावर होता आणि दवाखाना घाटापलीकडे. भुमक्यांनाच विश्वासात घेऊन पेशंट दवाखान्यात पाठवायला लावण्याचे प्रयत्न तिकडे झाले आहेत, ते या जाणिवेतूनच.

गडचिरोलीत माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायकांनी कुर्माघरात राहायची रूढी आहे. पडकी झोपडी, दार नाही, साप-विंचवांची भीती. २०२१च्या सुमारास एका स्वयंसेवी संस्थेने तुकुम गावात जुन्या झोपडीऐवजी पक्कं, वीज-पाणी-संडास असलेलं कुर्माघर बांधलं. यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत दम आहे. चांगलं घर बांधलं की प्रथेला मान्यता मिळते. आणि घर बांधलं नाही तर प्रथा मोडेपर्यंत बायका पडक्या झोपडीतच झोपतात. मी स्वतः बांधणाऱ्यांच्या बाजूने झुकतो, कारण साप वाट बघत नाही. पण पाहणीला आलेल्या विद्यार्थ्याने यावर निकाल द्यायचं कारण नाही. त्याने तिथल्या बायकांना काय हवंय ते विचारावं आणि आत बसलेल्या बाईचा फोटो काढू नये.

फोटोंबद्दल थोडक्यात. हाडं दिसणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन काढलेला सेल्फी हा एका पेशंटचा उघड केलेला आजार असतो. पालकांनी 'काढा की' म्हटलं तरी त्यांनी तो इन्स्टाग्रामवर जाणार हे धरून म्हटलेलं नसतं.

आणखी एक सांगायला हवं. लोक दवाखान्यात येत नाहीत त्याला प्रत्येक वेळी श्रद्धा कारणीभूत नसते. दिवसाची मजुरी बुडते, परतीची गाडी नसते, आणि गेल्या वेळी तिथे कुणीतरी डाफरलेलं असतं. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत दवाखान्यासाठी लोकांना विचारलं तेव्हा मोठी इमारत आणि पांढऱ्या कपड्यातली माणसं यांची भीती वाटते, पांढऱ्या कापडात तर आम्ही मेलेल्याला गुंडाळतो, असं आदिवासींनी सांगितल्याचं डॉ. अभय बंग सांगतात. मग दवाखाना गावातल्या घरांसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. त्यांनीच हेही सांगितलंय की, त्याआधी त्यांनी सिकलसेलवर संशोधन केलं होतं, पण तो लोकांच्या गरजेचा नव्हे तर डॉक्टरच्या आवडीचा विषय ठरला. इतक्या अनुभवी माणसांना हे शिकावं लागलं, तर विसाव्या वर्षी 'गावाच्या गरजा' ओळखल्याचा आव कशाला?

कायदा आणि विश्वास यांच्या मध्ये

घरभेटीत सोळा वर्षांची मुलगी गरोदर आढळते. गावरीतीने लग्न झालेलं, दोन्ही घरं राजी. २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा गुन्हा आहे आणि तो माहीत असलेल्याने कळवणं बंधनकारक. कळवलं तर नवरा तुरुंगात, आणि त्या पाड्यावरची पुढची गरोदर मुलगी आरोग्य सेवेच्या जवळही फिरकणार नाही. न कळवलं तर कायदा मोडला; आणि ती मुलगी खरंच राजी होती का हे आपल्याला कसं कळलं? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गर्भपाताच्या संदर्भात थोडी वाट काढली: मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करू नये. पण ज्यांना मूल हवंच आहे त्यांचा पेच तसाच राहतो.

याला स्वच्छ उत्तर नाही. विद्यार्थ्याने मात्र दोन गोष्टी करू नयेत: स्वतःच निर्णय घेऊन गप्प बसणं आणि हॉस्टेलवर येऊन किस्सा म्हणून सांगणं. त्याच दिवशी वरिष्ठांना सांगावं. आणि असं काही निघालं तर आम्ही काय करतो, हे घरात पाऊल टाकण्याआधीच कॉलेजने ठरवलेलं असावं.

गावाचा खर्च

विद्यार्थी आले की आशाताईचा दिवस जातो. तिला महिन्याकाठी मिळणारं बरंचसं कामावर अवलंबून असतं आणि पाहुण्यांना घरं दाखवणं हे त्या यादीत नसतं. आरोग्य केंद्राची गाडी त्यांना आणायला जाते. सिस्टरचं लसीकरणाचं सत्र पुढे ढकललं जातं. शिबिरात रक्तदाब वाढलेला सापडतो, पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि सहाव्या दिवसाचा विचार कुणी केलेला नसतो. आशाताईला दिवसाचं मानधन देणं, गोळ्या त्याच मिळाव्यात ज्या आरोग्य केंद्रात पुढेही मिळतील, आणि सापडलेल्या पेशंटांची यादी निघण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात देणं, या फार खर्चाच्या गोष्टी नाहीत. अभ्यासात काय निघालं ते गावात परत येऊन, बाजाराच्या दिवशी, त्यांच्या भाषेत सांगणं तर जवळजवळ फुकट आहे. तेच सगळ्यांत कमी होतं.

हे सगळं विद्यार्थ्याच्या माथी मारून चालणार नाही. डिसेंबरपर्यंत दोनशे नमुने हवेत असं सांगणारा गाइड असतो. प्रबंधावर सही त्याची, अंतर्गत गुण त्याचे. शिबिरात 'सर, मला हे जमत नाही, मी करणार नाही' म्हणणारी मुलगी भित्री ठरते आणि बिनधास्त टाके घालणारा मुलगा हुशार. लॉगबुकात किती केलं याचेच रकाने असतात. काय केलं नाही आणि का, कोणत्या बाईला संमती समजली नाही म्हणून तिचा नमुना घेतला नाही, याला रकाना नाही. तो छापायला वैद्यकीय आयोगाच्या परवानगीचीही गरज नाही. विभागप्रमुखाने ठरवलं तर पुढच्या पोस्टिंगच्या आधी होईल.